एकाच पोत्यातले आठ वाचक

मेश्राम सरांच्या शोकसभेत बारा जण बोलले आणि बाराही जण तेच बोलले. साधी राहणी, उच्च विचार. विद्यार्थ्यांवर पोटच्या पोरांसारखी माया. कधी कोणावर आवाज म्हणून चढवला नाही. मी मागच्या रांगेत पंख्याखाली बसून बोटं मोजत होते. सर असते तर चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नक्की विचारलं असतं, "हे बारा भाषणं झाले, का एकच भाषण बारा वेळा झालं?" आणि आवाज चढवला नाही म्हणे. माझ्यावर चढवला होता, चांगला गल्लीत ऐकू जाईल एवढा. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं, पण मी घसा बसल्याचं निमित्त करून टाळलं. घसा ठणठणीत होता. मला जे सांगायचं होतं ते हार घातलेल्या फोटोसमोर पाच मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आता लिहायला बसले आहे.

मी आधी सरांची विद्यार्थिनी आणि मग संख्याशास्त्र विभागात त्यांची सहकारी. बावीस वर्षं आमच्या खुर्च्या एकाच खोलीत होत्या. सर ठेंगणे, सावळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट बारा महिने. खिशात दोन पेनं असायची, त्यातलं एक बिनशाईचं. दुसऱ्याच्या वहीत बोट ठेवायचं तर ते पेन वापरायचे, म्हणजे ओळ दाखवता येते पण वहीवर डाग पडत नाही. डब्यात भाजी काहीही असो, वर लाल मिरचीचा ठेचा हवाच. आणि मे महिन्यात, नागपूर पेटलेलं असताना, वर्गात कोणी प्रश्न विचारायला उभं राहिलं की सर आधी शिपायाला हाक मारायचे, "कूलर बंद कर गा, पोराचं ऐकू नाही येऊन राहिलं." सगळा वर्ग घामाने निथळायचा आणि त्या पोराकडे रागाने पाहायचा. त्यामुळे आमच्याकडे उन्हाळ्यात प्रश्न फार थोडक्यात विचारले जात.

सरांचा आयुष्यभराचा विषय एकच होता. एक्स्चेंजेबल चल, म्हणजे अशा राशी की त्यांच्या जागा आपापसात बदलल्या तरी गणिताला फरक पडत नाही. पहिली पाचवीच्या जागी ठेवा, पाचवी पहिलीच्या, सगळं तसंच. अशा राशींची सरासरी काढत गेलं तर ती स्थिरावते का, कुठे स्थिरावते आणि किती वेगाने, यावर सरांनी उमर घातली. हाच विषय का घेतला असं मी एकदा विचारलं होतं. सर डबा खात होते. म्हणाले, "आमचे वडील गिरणीत होते. त्याइनं मले चांगल्या शाळेत घातलं. तिथं माझी जागा ठरलेली होती, शेवटचा बाक, दारापाशी. पहिला नंबर आला, तरी जागा तेच. मंग कॉलेजात हे गणित भेटलं, जागा बदलल्यानं काही बिघडत नाही असं मानून चालणारं. आवडलं मले." एवढं बोलून त्यांनी मला ठेचा वाढला. पुन्हा त्या बाकाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

पण ते गणित त्यांनी फळ्यावर ठेवलं नव्हतं. "बदलून पाहा" हे त्यांचं पालुपद होतं. एकदा परीक्षेत दोन पोरं एकमेकांचं पाहून लिहिताना सापडली. एक शहरातल्या नावाजलेल्या डॉक्टरांचा मुलगा, दुसरा वसतिगृहातला, गडचिरोलीकडचा. विभागप्रमुखांनी ठरवलं की पहिल्याला समज द्यायची आणि दुसऱ्याला वर्षभरासाठी काढायचं, कारण पहिला "चांगल्या घरचा आहे, त्याच्या हातून चुकून झालं असेल". सर शांतपणे म्हणाले, "दोघाइचे नावं बदला नं आन हाच निर्णय एकदा मोठ्यानं वाचा." प्रमुखांनी वाचायला सुरुवात केली आणि वसतिगृहातल्या पोराच्या "चांगल्या घरा"पाशी येऊन ते थांबले. दोघांनाही समज मिळाली. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा प्रमुखांनी तो सरांकडे दिला आणि स्वतः चहाला निघून गेले.

मी नोकरीला लागले त्या दिवशी सरांनी दारातच स्वागत केलं, "या मॅडम, बसा." मला लाजल्यासारखं झालं. म्हटलं, सर, मला तू म्हणा ना, मी तुमचीच विद्यार्थिनी. ते म्हणाले, "तुम्ही मले अरे-तुरे करान का? नाही नं? मंग बदलून पाहा." विषय संपला. त्या दिवसापासून मी मॅडम झाले.

मिरचीचं प्रात्यक्षिक तर आमच्या विभागात अजून सांगतात. सरांनी भिवापुरी मिरचीची तीन लहान पोती वर्गात आणली, तीन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांकडची. एका पोऱ्याला बोलावलं आणि सांगितलं, यातून मिरच्या काढ, पाहा, पांढरट पडलेल्या किती ते लिही, आणि दर दहा मिरच्यांनंतर सरासरी सांग. पोऱ्याने दोनशे मिरच्या काढल्या. सरासरी आधी इकडे तिकडे उड्या मारत होती, मग हळूहळू एका आकड्यापाशी शहाण्यासारखी बसली. पोऱ्या खूश होऊन म्हणाला, "सर, बाजारातल्या मिरचीत इतकी पांढरी असते." सर म्हणाले, "बाजारातल्या? गा, तू तं दोनशेही वेळा एकाच पोत्यात हात घालून राहिला." दुसरं पोतं उघडलं, तिथे सरासरी भलत्याच आकड्यावर जाऊन बसली, तिसऱ्यात तिसरीकडे. पोतं एकच असेल तर दोनशे वेळा हात घालून तुम्हाला त्या पोत्याची खबर मिळते, बाजाराची मिळत नाही, एवढं त्या दिवशी गाढवालाही कळलं असतं. पण तोवर अख्खा वर्ग शिंकत होता. एकाने डोळे चोळले आणि नळाकडे धाव घेतली. शेजारच्या पदार्थविज्ञानवाल्यांनी तक्रार केली. शिपाई नाकाला रुमाल लावून आला आणि दारातूनच परत गेला.

त्या गोंधळात एक मुलगी ओढणी नाकावरून बांधून तिसऱ्या पोत्यातल्या मिरच्या झरझर निवडत होती. न पाहता, नुसत्या बोटांनी. ती शालिनी. भिवापूरची. तिची आई मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवून निवडतात त्या अंगणावर, देठ खुडायला जायची, आणि शाळेला सुट्टी असली की ही पण जायची. सरांनी तिला विचारलं, "तुले शिंका नाही येत का वं?" ती म्हणाली, "सर, आम्ही शिंकत बसलो तं काम कोण करन?" सर इतके हसले की त्यांनाच ठसका लागला. पुढे शालिनी सरांकडेच पीएचडीला आली.

आता त्या पेपरचं सांगते, कारण सगळं तिथंच आहे. अकरा वर्षं खपून सरांनी एक निष्कर्ष मांडला होता. एक्स्चेंजेबल राशींची सरासरी आपल्या ठिकाणी किती वेगाने जाऊन बसते, त्याचा वेग. मिरचीच्या भाषेत, पोतं कुठलंही असो, किती मिरच्या काढल्यावर त्या पोत्याचा अंदाज पक्का होतो. छापायला पाठवण्याआधी सरांनी तो आठ जणांना वाचायला दिला. सहा त्यांचे जुने विद्यार्थी, सातवे विभागप्रमुख आणि आठवी मी. सगळ्यांना बजावून सांगितलं, चूक असन तं सांगा. आठही जणांनी सांगितलं, सर, उत्तम.

मी चौदाव्या पानावर तिसऱ्या ओळीशी दोन दिवस अडले होते. समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्हही काढलं होतं. ती ओळ मला काही केल्या मागच्या ओळीतून निघेना. शेवटी मी स्वतःचीच समजूत घातली की बाई गं, अकरा वर्षं त्या माणसाने यात घातली आहेत, तू दोन दिवसांत त्याच्या चुका काढणार? तुझीच अक्कल तोकडी पडते आहे. खोडरबर घेतलं आणि प्रश्नचिन्ह पुसलं. एरवी मी किती फटकळ आहे ते आमच्या घरी विचारा. पण सरांपुढे माझं तोंड उघडलं ते "सुंदर" म्हणायलाच. पेपर बाहेरच्या मोठ्या नियतकालिकात छापून आला, आम्ही संत्रा बर्फी वाटली, आणि पुढची सहा वर्षं मला त्या ओळीची आठवण झाली नाही. झाली तरी मी ती दाबली.

शालिनीच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण याच निष्कर्षावर उभं होतं. आणि तिला वेळ उरला नव्हता. वडिलांच्या आजारपणात एक मुदतवाढ वापरून झाली होती. दोन महिन्यांच्या आत प्रबंध गेला नाही तर नोंदणीच रद्द होणार, पाच वर्षं मातीत, पुन्हा पहिल्यापासून. तिच्या तालुक्याच्या कॉलेजात ती तासिकेवर शिकवत होती आणि नव्या सत्राआधी पदवी आणा, जागा तुमची, असं त्यांनी सांगितलं होतं. घरात शिकलेली ती पहिलीच. आई रोज फोनवर विचारायची, झालं का वं तुझं?

सरांचा एक रिवाज होता. प्रकरण तयार झालं की त्यांच्या घरी जायचं आणि चिन्हं, आकडे काही न वापरता, घरच्या भाषेत ते सांगून दाखवायचं. "आईले सांगतो तसं सांग," म्हणायचे. त्यांचं घर जरीपटक्याच्या बाजारामागच्या गल्लीत होतं. शनिवारी दुपारी आम्ही तिघं बसलो होतो, सर, शालिनी आणि मी. काकूंनी चहा ठेवून दिला होता. शालिनी सांगत होती, "तं प्रत्येक पोत्याची सरासरी आपल्या आपल्या ठिकाणी जाऊन बसते. आन बसाचा वेग सगळ्या पोत्याइले एकच." तिथे ती थांबली. म्हणाली, "सर, एक विचारू? मले समजून नाही राहिलं."

"विचार नं."

"सगळ्याइले एकच वेग काहून? आमच्या इकडं एखाद्या पोत्यात चार वावरातली मिरची भरून टाकली राह्यते. त्यात कितीक हात घाला, लवकर अंदाजच नाही येत. आन त्याहून मिसळीचं पोतं बी भेटू शकते. त्याहून बी. मंग सगळ्याइच्यासाठी एकच वेग कसा धराचा? माझंच काही चुकून राहिलं असन."

सरांनी स्वतःचा पेपर ओढला. चौदावं पान, तिसरी ओळ. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. चहावर साय धरली. मग चष्मा काढून ते हळूच म्हणाले, "तुझं नाही चुकलं. माझं चुकलं. असं नाही धरता येत."

मला त्यांच्याकडे पाहवेना. धीर द्यावा म्हणून मी बोलून गेले, "जाऊ द्या सर, त्या ओळीपाशी मीही तेव्हा अडखळले होते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "केव्हा?"

"तुम्ही वाचायला दिलं होतं तेव्हा. छापायच्या आधी."

"तुले दिसलं होतं?" 'मॅडम' गेलं, 'तुम्ही' गेलं. "सुनंदा, तुले दिसलं होतं, मंग काहून नाही बोलली वं?"

"मला वाटलं, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल."

आणि तेव्हा तो आवाज चढला. "मी लिहिलं म्हून बरोबर? मी काय देव आहो का? सहा वर्षं तू मले चुकीत उभं ठेवलं. आन ह्या पोरीले माझ्या खांद्यावर चढू दिलं, खाली जमीन आहे का नाही ते न पाहता. आठ जणाइले दिलं होतं मी. मले वाटलं, आठ जणाइनं पाहिलं, आता काळजी नाही. आठ कुठचे? एकाच पोत्यातले निघाले तुम्ही सगळे."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. शालिनी खाली पाहत होती. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलंही नाही. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला सरांचा रागही आला. इतका मान दिला त्याचं हे फळ, असं वाटलं. घरी जाऊन स्वयंपाक करताना कळलं की मी दिला तो मान नव्हता, आळस होता. त्यांच्याशी वाद घालायचे कष्ट मला नको होते.

सोमवारी सर आले ते खिशात पत्र घेऊन. नियतकालिकाला लिहिलेलं, निष्कर्ष जसा छापला आहे तसा खोटा आहे, चूक माझी आहे, सबब मागे घेतो. किरकोळ दुरुस्ती वगैरे काही नाही, सरळ खोटा. मला म्हणाले, "मॅडम, हे वाचा आन चुकलं असन तं सांगा." मला ते मॅडम शनिवारच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. मी पत्र तीनदा वाचलं आणि एक तारीख चुकली होती ती दाखवली. त्यांनी लगेच सुधारली.

विभागप्रमुखांनी समजावलं. "मेश्राम, दोन महिने थांबा. पोरीची पदवी होऊ द्या, मग पाठवा काय पाठवायचं ते. चौदाव्या पानापर्यंत कोणता परीक्षक पोचतो?" खरं सांगते, मला त्यांचं पटलं होतं. चूक सहा वर्षं टिकली, अजून दोन महिन्यांनी काय बिघडणार होतं? सर म्हणाले, "माझं पत्र तं आजच जाते. प्रबंध शालिनीचा आहे, तिले विचारतो." तिला बोलावून त्यांनी सगळं समोर मांडलं, मुदत, नोकरी, प्रमुखांचं म्हणणं. शेवटी म्हणाले, "माझ्यापाई तुझं नुकसान होऊन राहिलं बेटा. तू म्हणशीन तसं करू."

 शालिनी म्हणाली, "सर, मले माहीत नसतं तं लिहून टाकलं असतं. आता माहीत झाल्यावर कसं लिहू?"

त्यानंतर पाच आठवडे मी त्या दोघांना फळ्यापासून हललेलं पाहिलं नाही. जुना निष्कर्ष जितका देखणा होता तितका नवा राहिला नाही. सगळ्या पोत्यांना एकच वेग मिळत नाही. भारी मिसळीची पोती किती वेळा येतात याची काही अट आधी घालावी लागते, आणि ती घातल्यावरही वेग पहिल्यापेक्षा कमीच निघतो. पण तो खरा होता. सर फळ्याकडे पाहून म्हणायचे, "हळू चालते, पण पोचते." शालिनी सकाळच्या गाडीने यायची, संध्याकाळच्या गाडीने परत जायची, आणि मी तिच्यासाठी जास्तीचा डबा आणायची. दुसरं मी काय करू शकत होते?

सिद्धता पुरी झाली तेव्हा मुदतीला सतरा दिवस उरले होते. मी म्हटलं, सर, द्या, मी वाचते, या वेळी सोडणार नाही. ते म्हणाले, "तुम्ही वाचाच. पण मले एक माणूस असा पाह्यजे ज्याले मी अजिबात आवडत नाही." आणि ते थेट लालवानींकडे गेले.

लालवानी कधीकाळी आमच्याच विभागात होते, नंतर त्यांनी स्वतःचे गणिताचे क्लासेस काढले. राहायला सरांच्याच गल्लीत, सहा घरं सोडून. त्यांच्या पाठ्यपुस्तकातलं एक प्रकरण चुकीचं आहे असं सरांनी भर चर्चासत्रात सांगितलं होतं, त्यानंतर दोघं बोलत नव्हते. भाजीवाल्याकडे समोरासमोर आले तरी दोघंही वांगी पाहायचे. मी सरांबरोबर गेले, म्हटलं हातघाईवर आले तर कोणी असावं. लालवानी बनियनवर बसून पेपर तपासत होते. वर पाहून म्हणाले, "मेश्राम? तू, और मेरे घर?"

"तुमच्याकडंच आलो. यात चूक काढा. तुमच्याइतकं मन लावून कोणी नाही काढणार."

लालवानींनी कागद घेतले. बसा म्हणाले नाहीत. तीन दिवसांनी त्यांनी ते कागद स्वतः आणून दिले, लाल शाईने माखलेले. एकोणीस खुणा. सरांनी एकेक पाहिली. बहुतेक नुसता राग होता. एका ठिकाणी लालवानींचंच चुकलं होतं. पण बाराव्या खुणेपाशी सर थांबले. तिथे खरंच भोक होतं, लहानसं, पण होतं. सर उठले आणि त्यांनी लालवानींचा हात दोन्ही हातांत धरला.  लालवानी म्हणाले, "चाय तो पिला दे अब." काकूंनी चहा केला. ते भोक बुजवायला शालिनीला दोन दिवस लागले. मुदतीच्या दोन दिवस आधी प्रबंध गेला.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते, भले गृहस्थ. शालिनीने पडद्यावर पहिलंच वाक्य दाखवलं की मेश्राम यांचा निष्कर्ष खोटा आहे, आणि लगेच मिसळीच्या पोत्याचं उदाहरण दिलं. परीक्षक अवघडून म्हणाले, "हे तुमचे मार्गदर्शकच ना? जरा सौम्य शब्दांत मांडता आलं असतं." शालिनीने सरांकडे पाहिलं. सर पहिल्या रांगेतून म्हणाले, "तिनं सौम्यच लिहिलं होतं, मी खोडलं." लालवानी मागे बसले होते. एवढ्या लोकांत त्यांनी एकट्याने टाळी वाजवली.

शालिनीला पदवी मिळाली, पण या सगळ्या धावपळीत नवं सत्र उलटून गेलं होतं आणि ती जागा त्या वर्षी दुसऱ्याला गेली. वर्षभर ती तासिकेवरच राहिली. पुढच्या वर्षी तिची नेमणूक झाली. सरांनी ते एक वर्ष मनाला फार लावून घेतलं, शालिनीने नाही.

सर निवृत्त झाले तरी आमचं वाचणं चालू राहिलं. दर बुधवारी फोन यायचा, "मॅडम, या नं, दोन पानं लिहिले." मी आता कंबर कसून जायची. सरांना शेवटचं पाहिलं ते अशाच एका बुधवारी. त्यानंतर वीस दिवसांत ते गेले, झोपेत. त्या बुधवारी चौथ्या ओळीपाशी मी म्हटलं, "सर, हे मला पटत नाही." सर सरसावून बसले. तासभर आम्ही भांडलो. चूक माझीच निघाली, आणि तरी त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी काकूंना बोलावून सांगितलं, "आज मॅडमनं मले घाम फोडला." मग मी पुढचं सगळं वाचलं, बाकी बरोबर आहे म्हणाले, चहा घेतला आणि निघाले.

गल्लीत बाजाराची वेळ झाली होती. हातगाड्या, ऑटो, भाजीच्या पिशव्या. मी स्कूटी सुरू करून चार घरं पुढे गेले असेन, तेवढ्यात आरशात सर दिसले. लुंगी, बनियन, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, हातात तो कागद. या वयात असे पळत. मी घाबरून गाडी थांबवली. धापा टाकत त्यांनी कागद माझ्या हँडलवर पसरला.

"तुम्ही चौथ्या ओळीवर भांडल्या," ते म्हणाले, "आन नवव्या ओळीले हो म्हणून गेल्या. पाहा नं. तिथंच आहे."

मी पाहिलं. तिथंच होती. मी पुन्हा हो म्हणून आले होते. मला स्वतःचा इतका राग आला, पण सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला हसू आलं. मागे ऑटोंची रांग लागली होती. एक ऑटोवाला हॉर्नवरचा हात काढेना. त्याने डोकं बाहेर काढलं, "ओ बाबूजी, घर जाके पढ़ो ना, रस्ता है ये."

सरांनी कागदावरून नजर न काढता त्याला हात केला. "एकच मिनिट थांब गा भाऊ," ते म्हणाले, "आमची चूक सापडली आहे."